झळकनाथाच्या तीन डब्या

एका राज्यात आवाजावर कुणी विश्वास ठेवीत नसे.

कारण विचाराल तर कारण साधं होतं. तिथल्या साळुंक्या कुणाचाही आवाज हुबेहूब काढीत. गुराख्याच्या आवाजात गुरांना भलत्याच रानात नेत. आईच्या आवाजात पोरांना अंगणात बोलावीत आणि त्यांच्या हातातला लाडू पळवीत. सासूच्या आवाजात सुनेची स्तुती करीत, तेव्हा मात्र सून लगेच ओळखी की ही साळुंकीच. तर अशा राज्यात माणसाने माणसाला ओळखायचं कसं? तळहाताने. बाहेरून कुणी घरी आलं की ते उंबऱ्याशी थांबे. घरातलं वडीलधारं माणूस पुढे येई, त्याच्या तोंडावरून हात फिरवी, आणि म्हणे, "ये." मग आत यायचं. ही तिथली रीत.

वडीलधाऱ्यांनी धाकट्याच्या तोंडावरून हात फिरवावा, धाकट्याने हात जोडून उभं राहावं. वर्षातून एकाच दिवशी हे उलटं होई. तो दिवस उटण्याच्या पहाटेचा. त्या पहाटे धाकटी माणसं वडीलधाऱ्यांना उटणं लावीत. आंबेहळद, कचोरा, नागरमोथा, गव्हला, मसुराचं पीठ, सगळं पाट्यावर वाटून दुधात कालवलेलं. चुलीवर पाणी सळसळतंय, थंडीने पोरांचे दात वाजताहेत, कुणीतरी रडतंय, कुणीतरी त्याला हसतंय, आणि सगळ्या आळीला एकच वास. तुम्हाला आठवतो का तो वास? मला आठवतो. आता तुम्ही म्हणाल, उटण्याने रूप येतं का? छे हो. काळा काळाच राही, सावळी सावळीच राही. मळ निघे, एवढंच. पण त्या दिवशी प्रत्येकाच्या अंगावरून आपल्या माणसाचा हात फिरे, आणि ते वर्षभर पुरे.

हाटात तेव्हा रूपाच्या नावाने एकच वस्तू मिळे, कोकमतेलाचा गोळा. विकणारी बाई म्हणे, "टाचेच्या भेगा बुजतात. बाकी काही होत नाही." लोक नेत, भेगा बुजत, बाकी काही होत नसे. तिच्यावर कुणी कधी रागावलं नाही.

या राज्याचा राजा धैर्यकेतु. त्याच्या वंशाला एका यक्षिणीचा शाप होता, केस पिकले की डोळे जायचे. राजाचे केस पिकले आणि दृष्टी गेली. त्याने फारसं मनाला लावून घेतलं नाही. बापाचं असंच झालं होतं, आज्याचंही. राणी आधीच गेलेली. मागे एकुलती एक मुलगी, कुंदावली.

कुंदावली लहानपणी विहिरीच्या पायरीवर पडली होती. हनुवटीला खोक पडली, राजाने स्वतः हळद दाबून धरली, आणि तिथे मसुराच्या डाळीएवढा खोलगट व्रण राहिला. डोळे गेल्यावर राजाचा अंगठा रोज त्या व्रणापाशी येऊन थांबे. "ये, कुंदे," तो म्हणे. उटण्याच्या पहाटे राजाला उटणं राणी लावी. ती गेल्यावर कुंदावली लावू लागली. आईची एक लकब तिने उचलली होती. सगळं जग कपाळापासून सुरुवात करी, राणी डाव्या कानामागून करी. "कानामागे कुणी बघत नाही, म्हणून आधी तिथे," असं ती म्हणे. लेकही तसंच करी.

असं सगळं बरं चाललं होतं. आणि बरं चाललेलं कुणाला बघवतं?

काचेच्या डोंगरावर झळकनाथ नावाचा एक मांत्रिक राहायला आला. तोंडावर कायम रेशमी पडदा. त्याने तीन डब्या केल्या. पहिली सकाळी लावायची. चेहरा लखलखीत होई. दुपारी तोच चेहरा चुरचुरू लागे, त्यावर दुसरी डबी. दुसरीने कातडी ओढून येई, हसलं तर तडकेल असं वाटे, त्यावर तिसरी. तिसरी लावून निजलं की उठल्याउठल्या पहिलीची तहान लागे. कळलं ना कारखाना कसा होता तो?

पण डब्या खपवायच्या कशा? झळकनाथाने रानातल्या साळुंक्यांना अंजिरं चारली. त्या गावोगाव उडाल्या. कौलावर बसून पाटलिणीच्या आवाजात म्हणत, "मी लावलं, मला तर बाई मीच ओळखू येईना." नव्या नवरीच्या आवाजात म्हणत, "हे आधी का नाही मिळालं?" मोल विचारलं तर म्हणत, "फुकट. तुमचा डाग तेवढा आम्ही नेतो."

आता मला सांगा, साळुंकीच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नये हे त्या राज्यात रांगतं पोरही जाणत होतं की नाही? जाणत होतं. पण शेजारणीच्या आवाजात रूपाची गोष्ट निघाली आणि सगळं शहाणपण चुलीत गेलं. प्रत्येकीला वाटलं, शेजारीण लावते आणि मला सांगत नाही. पुरुषांनाही तेच वाटलं, ते फक्त बोलले नाहीत. बघता बघता घरोघरी तीन डब्या झाल्या. तीळ गेले, मस गेले, देवीचे व्रण गेले, सुरकुत्या गेल्या. सगळ्यांची तोंडं उकडून सोललेल्या अंड्यासारखी गुळगुळीत झाली. उंबऱ्यावर वडील माणसांचा हात घसरू लागला. एका घरी शेजारची पोरं जेवून गेली तरी पत्ता लागला नाही. लोक हसले. म्हणाले, नव्याचे नऊ दिवस. उटण्याचं सामान त्या वर्षी कुणी वाळत घातलं नाही.

कुंदावलीचा राज्याभिषेक ठरला होता. राजाने सगळ्यांसमोर तिच्या तोंडावरून हात फिरवायचा, "ही माझी" म्हणायचं आणि मुद्रा हातात द्यायची, असा विधी. सगळं राज्य बघणार. कुंदावलीने आरसा घेतला, हनुवटी वर केली, आणि त्या खळग्यावर तिची नजर अडकली. खिडकीत साळुंकी बसली होती. ती राणीच्या आवाजात म्हणाली, "एवढा एक डाग नसता, तर माझी पोर कशी दिसली असती."

आईचा आवाज तिने किती वर्षांनी ऐकला होता. साळुंकी आहे हे तिला कळत होतं. तरी तिने डबी उघडली.

अभिषेकाच्या दिवशी राजाने हात फिरवला. कपाळ, गाल, हनुवटी. अंगठा हनुवटीवर आला, इकडे गेला, तिकडे गेला, आणि तिथेच थांबून राहिला. राजा हळूच म्हणाला, "बाळ, तू कुणाची?"

"आबा, मी कुंदा."

"आवाज तिचाच काढलास. पण आवाजाचं काय." राजाने हात मागे घेतला. "तू चांगल्या घरची दिसतेस. पण माझी नव्हेस. माझी मुलगी कुठे आहे?"

प्रधानाने शपथ घेतली, दासींनी घेतली. राजा म्हणाला, "सगळे आवाजच." मग तो देवडीवर जाऊन बसला. येईल त्या मुलीच्या हनुवटीला हात लावी आणि मान हलवी. अन्न कमी झालं, झोप गेली. शेवटी त्याने निरोप फिरवला, "उटण्याच्या पहाटेपर्यंत मुलगी आली नाही तर मुद्रा नदीत सोडा. मग मीही कुणासाठी थांबत नाही."

बाप समोर बसून आपल्याला शोधतोय आणि आपण समोर उभे, असं कधी कुणाच्या वाट्याला येऊ नये. कुंदावली रडली, मग रडणं पुसून काचेच्या डोंगराकडे निघाली. वाटेत एक साळुंकी तिच्यामागे लागली. हिचं नाव बोबडी. हिला कुणाचाच आवाज काढता येत नसे. जो काय होता तो स्वतःचा, फाटक्या सुपासारखा. झळकनाथाने तिला अंजीर न देताच हाकलली होती.

"वाट दाखवते," बोबडी म्हणाली. "मला दुसरं काम नाही."

डोंगर काचेचा, म्हणून चढताना खाली पाहिलं की आपलाच चेहरा दिसे. कुंदावली वर बघतच डोंगर चढली. झळकनाथ दारातच उभा होता.

"राजकन्ये, काय हवं?"

"माझा व्रण."

"स्वतःच दिलास."

"चुकले. परत दे."

झळकनाथाने पडद्याआड थोडा विचार केला. "साळुंक्यांना भुलणारे सगळे भुलले," तो म्हणाला. "उरले ते हट्टी. त्यांना खऱ्या माणसाचा खरा आवाज लागतो. या तीन डब्या घे. पहिली रानातल्या नागिणीला दे, दुसरी डोंगराखालच्या गावातल्या गावकीच्या पाट्याला, तिसरी त्याच गावातल्या सगुणा विणकरणीला. त्यांनी आपखुशीने घेतल्या पाहिजेत. तिन्ही खपल्या की ये. व्रण तुझा."

कुंदावलीने डब्या पदरात बांधल्या. बापाचा हात तिला डोळ्यांसमोर दिसत होता. बाकी काही दिसत नव्हतं.

नागीण वारुळावर ऊन खात पडली होती. अंगावरची कात जुनी, निस्तेज. तिने फणा न उचलताच विचारलं, "काय आणलंस?"

"लेप आहे. कातडी लखलखीत होते."

"होते का खरंच?"

"होते," कुंदावली म्हणाली. एवढं खरंच होतं. पुढचं ती बोलली नाही.

नागिणीने डबी घेतली, अंगभर लेप फासला. अशी झळकली की मुंगसाने लांबूनच पाहिली. बोबडी म्हणाली, "एक खपली. पुढचं का नाही सांगितलंस?" कुंदावली म्हणाली, "तिने विचारलं नाही." बोबडीने पंखाखाली चोच घातली.

गावाच्या चावडीमागे एका छपराखाली गावकीचा पाटा होता. सगळ्या गावाचं उटणं पिढ्यान् पिढ्या त्यावर वाटलं जाई. पाटा वयाने मोठा, बोलायला खडबडीत.

"दरवर्षी माझ्या अंगाला टाकी लावतात," तो कुंदावलीला म्हणाला. "छिन्नीने टोचून टोचून खडबडीत करतात. तुला कुणी टोचलंय असं?"

"नाही."

"मग तुला काय कळणार. तुझ्या लेपाने गुळगुळीत होईन का?"

"व्हाल."

"लाव."

कुंदावलीने लावला. पाटा आरशासारखा झाला. तेवढ्यात एक बाई मिरच्या-लसूण घेऊन आली. वरवंटा पुढे ढकलला की मिरच्या पुढे, मागे ओढला की मागे. घामाघूम झाली, पण वाटणाचं नाव नाही. तिने पाट्याकडे पाहिलं, वाटी उचलली आणि निघून गेली. ती गेल्यावर पाटा म्हणाला, "आता कुणी माझ्याकडे येणार नाही वाटतं."

कुंदावलीने तिसरी डबी चाचपली. आता एकच. एक खपली की आबांचा अंगठा हनुवटीवर थांबेल. तिने मन घट्ट केलं आणि विणकरआळीत शिरली.

सगुणा अंगणातल्या छपरीत मागावर बसली होती. वय कोवळं, हात भरभर चालणारे, आणि तोंडभर देवीचे व्रण. तिचं लग्न ठरलं होतं. झळकनाथाने हिला हट्टी म्हटलं ते उगाच नव्हे. साळुंकी कौलावर आली की ही धोटा फेकून मारी. पण दारात खरी राजकन्या आणि तिच्या हातात डबी पाहिली, आणि तिचा धोटा थांबला.

"बाईसाहेब, पाखरांचं मला खरं वाटत नाही," ती म्हणाली. "तुम्ही सांगा. जातात का व्रण?"

"जातात."

"सगळे?"

"सगळे."

सगुणाने ओल्या हातांनी डबी घेतली. हात पुसले, परत घेतली. "नवरामुलगा बघून गेला तेव्हा मी पदर ओढून बसले होते," ती म्हणाली. "त्याने मला धड पाहिलंच नाही. आता बघू दे." आणि ती हसली.

काम झालं होतं. आपखुशीने घेतली होती, आता नुसतं पाठ फिरवून जायचं. कुंदावली अंगणाच्या दारापर्यंत गेली आणि तिने वळून पाहिलं. घराच्या उंबऱ्यावर सगुणाची आई हात पुसत उभी होती, रीतीप्रमाणे लेकीला संध्याकाळच्या कामासाठी आत घ्यायला. सगुणा मागावरून उठून गेली, आईने तिच्या गालावरून हात फिरवला. बोटं त्या खळग्यांतून अशी फिरली की वाटेवरचा दगडन् दगड ओळखीचा असावा. "ये," ती म्हणाली.

कुंदावली मागे फिरली आणि तिने सगुणाच्या हातातली डबी काढून घेतली.

"हे काय?" सगुणा म्हणाली.

"मी अर्धंच सांगितलं. सकाळी लखलखतं, दुपारी चुरचुरतं, मग दुसरी डबी, मग तिसरी, आणि ते संपत नाही. माझ्या बापाने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, तू कुणाची."

"माझ्या आईला डोळे आहेत."

"गावात सगळ्यांना डोळे आहेत. परवा एका घरी शेजारची पोरं जेवून गेली."

सगुणाचे डोळे भरले. "मला तरी हवीय," ती म्हणाली. "तुम्हाला सगळं आहे, म्हणून तुम्हाला सांगायला सोपं जातं."

तिचं बोलणं खोटं नव्हतं. कुंदावलीने डबी अंगणातल्या दगडावर आपटली. लेप मातीत सांडला आणि आपला बापही त्यात सांडला असं तिला वाटलं. सगुणाने दार लावून घेतलं.

"आता?" बोबडीने विचारलं.

"त्याला सांगून येते. दोन खपल्या, तिसरी खपवली नाही."

"सांगायची गरज काय?"

"बोलले होते ना," कुंदावली म्हणाली.

झळकनाथाने ऐकून घेतलं. मग विचारलं, "बाप नको झाला का?"

"हवा आहे. तुझ्या वाटेने नको."

त्याने तोंडावरचा पडदा काढला. त्याचं तोंड सगळ्यांहून गुळगुळीत होतं. ना भुवई, ना रेघ, ना खळगा.

"पहिली डबी मी माझ्यासाठीच केली होती," तो म्हणाला. "आईला दाखवायला घरी गेलो. तिने उंबऱ्यावर हात फिरवला आणि म्हणाली, बाळ, वाट चुकलास, तुझं घर पुढच्या आळीत असेल. मला बसवून जेवायला वाढलं. पाहुण्याला वाढतात तसं. तिच्या हातचं ते शेवटचं जेवण."

त्याने कोपऱ्यातल्या घंगाळाकडे बोट दाखवलं. त्यात राज्यभरच्या खुणा तरंगत होत्या. तीळ, मस, सुरकुत्या, व्रण, गालावरच्या खळ्या. "गोळा करतो आणि लावून बघतो. एकही चिकटत नाही. तुझा व्रणही दिला असता, पण चिकटला नसता. मी तुला फसवलं."

कुंदावलीला राग यायला हवा होता. आला नाही. तिला त्याच्या आईने वाढलेलं ते ताट दिसत राहिलं. ती म्हणाली, "उद्या उटण्याची पहाट आहे. तू खाली ये."

"माझं कोण आहे तिथे?"

"ये तर," ती म्हणाली आणि डोंगर उतरली.

रानात नागीण भेटली. जुनी कात वारुळाशी पडलेली, नवं अंग ओलसर. कुंदावली मान खाली घालून म्हणाली, "मी तुला अर्धंच सांगितलं होतं." नागीण म्हणाली, "तुझा लेप? तो गेला की कातेबरोबर. वरचं वरच राहतं, पोरी. घासलं की निघतं. एवढं तोंड पाडायला काय झालं?"

त्या बोलण्यावर कुंदावली धावतच सुटली. गावात येऊन तिने टाकी आणि हातोडी मागून घेतली आणि गावकीच्या पाट्यापुढे बसली. "दुखेल," ती म्हणाली.

"दुखू दे," पाटा म्हणाला. "पण नीट लाव. कडेपर्यंत."

राजकन्येने टाकी कधी धरली नव्हती. हाताला फोड आले, फुटले, पण पाट्याचं अंग परत खडबडीत झालं. मग तिने घराघरांतून मागून आणलेली गेल्या वर्षीची उरलीसुरली आंबेहळद वाटायला घेतली. वरवंटा जड जाऊ लागला तेव्हा पलीकडून कुणीतरी तो धरला. सगुणा होती. फुरंगटलेलीच, पण वाटत होती.

"या उटण्याने माझे व्रण जातील?" तिने विचारलं.

"नाही."

"मग काय जाईल?"

"मळ."

सगुणाला हसू फुटलं. वास उठला. कचोरा आणि नागरमोथा पाट्यावर पडले तसा तो वास आळीभर गेला, आणि बंद दारं एकेक करून उघडू लागली. प्रत्येकीने घरातून वाटी आणली आणि समोर धरली. लहानपणीचं काहीतरी त्यांना आठवत होतं.

पहाट झाली. देवडीवर राजा धैर्यकेतु पाटावर बसला होता. मुद्रा मांडीवर. प्रधान म्हणाला, "महाराज, नदीवर माणसं थांबली आहेत." राजाने मान हलवली.

कुंदावली वाटी घेऊन आली. या वेळी ती उंबऱ्याशी हात जोडून उभी राहिली नाही. एक शब्दही बोलली नाही. बापाच्या मागे गुडघ्यावर बसली, फोड आलेली बोटं उटण्यात बुडवली आणि त्याच्या डाव्या कानामागे ठेवली.

राजा हलला नाही.

बोटं कानामागून मानेवर आली, मानेवरून गालावर. लेप लावला होता तो तोंडाला. तळहाताला कुणी लेप लावला नव्हता, साळुंक्यांनाही ते सुचलं नव्हतं.

राजाने मान किंचित वळवली. "कानामागून," तो म्हणाला. "तुझी आई असंच करायची." त्याने वर हात नेऊन तिचा हात धरला आणि आपल्या गालावर दाबून ठेवला. "हाताला काय झालं, कुंदे?"

"टाकी लावली, आबा. पाट्याला."

"इतके दिवस कुठे होतीस?"

"इथेच होते," ती म्हणाली. राजाने तिला पुढ्यात ओढलं, वाटीतलं उटणं आपल्या हाताने घेतलं आणि तिच्या तोंडाला चोळू लागला. ती रडत होती, तो चोळत होता. लेपाचा पापुद्रा निघाला, खाली पडला. त्याचा अंगठा हनुवटीवर आला आणि थांबला. तिथे मसुराच्या डाळीएवढा खळगा होता. व्रण कुठे गेलाच नव्हता. घंगाळात तरंगत होती ती नुसती त्याची सावली.

"ये," राजा म्हणाला. मुद्रा त्याने तिच्या हातात कधी दिली हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

त्या पहाटे तो वास गावोगाव पोचला, आणि राज्यभर लोकांनी एकमेकांना उटणं लावलं. तीळ परतले, सुरकुत्या परतल्या, आजे आजे दिसू लागले. भलत्याच घरी जेवणारी पोरं आपापल्या घरी गेली. सगुणाच्या लग्नात नवऱ्यामुलाच्या आईने तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "ही माझ्या हाताच्या लक्षात राहील." नवऱ्यामुलाने या वेळी तिला धड पाहिलं, आणि पाहतच राहिला.

आणि राजाचे डोळे? ते आले नाहीत. उगाच खोटं कशाला सांगू.

ऊन वर आल्यावर देवडीशी एक माणूस येऊन उभा राहिला होता, तोंडावर पडदा घेऊन. सगळ्यांचं उटणं लावून झालं होतं. हा आपला उंबऱ्याबाहेर, कुणी ये म्हणत नाही म्हणून थांबलेला. कुंदावलीने वाटीच्या तळाशी उरलेलं उटणं बोटाने पुसून घेतलं, त्याचा पडदा बाजूला केला आणि डाव्या कानामागून सुरुवात केली. बराच वेळ काही झालं नाही. मग उजव्या भुवईच्या जागी एक बारीकसा तीळ वर आला. झळकनाथाने बोट लावून पाहिला.

"हा माझाच," तो म्हणाला. "आई इथेच तीट लावायची."

राजाने हात पुढे केला, त्या तिळावरून फिरवला आणि म्हणाला, "ये."

तेव्हापासून त्या राज्यात हाटात पुन्हा कोकमतेलाचे गोळे मिळतात. टाचेच्या भेगा बुजतात, बाकी काही होत नाही. बोबडी तिथेच छपरावर बसून आपल्या फाटक्या आवाजात हेच ओरडून सांगते, आणि लोक तिचं ऐकतात. त्यांच्या घरी उटणं भिजलं, तुमच्या घरीही भिजो. आणि ते लावणारा हात उंबऱ्याच्या आत असो.